पेंढ्यातली साखर बाहेर काढायची कशी? (आणि काढून परवडते का?)

मुरबाडकर_ठाण्यात
नमस्कार मंडळी. राहायला कासारवडवली, मूळ गाव मुरबाड तालुक्यात. प्रश्न दोन आहेत, एक मुलीचा आणि एक चुलतभावाचा.

मुलगी टीवाय बीएस्सीला आहे, बायोटेक. प्रोजेक्ट घेतलाय भाताच्या पेंढ्यापासून साखर, म्हणजे पुढे इथेनॉल वगैरे. गावचा पेंढा आणला, मिक्सरमध्ये बारीक केला (मिक्सर आईचा, त्यावरून झालेलं महाभारत वेगळं), कॉलेजच्या लॅबमध्ये सेल्युलेज (सेल्युलोज तोडून साखर करणारं) एन्झाइम घालून ठेवला. साखर निघाली ती नावापुरती. सर म्हणाले, प्रीट्रीटमेंट (एन्झाइम घालण्याआधीची पूर्वप्रक्रिया) केल्याशिवाय काही हाती लागणार नाही, वाचून काढ. तिने वाचलं आणि आणखी गोंधळली. आम्ल, अल्कली, वाफ, अमोनिया, बुरशी, ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. कॉलेजच्या लॅबमध्ये झेपेल असं काय आहे?

चुलतभावाला पानिपतच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचा व्हिडिओ कुणीतरी पाठवलाय. त्याचं म्हणणं, तिकडे पेंढ्याचं पेट्रोल करतात आणि आपण इथे राबात (रोपांसाठी जमीन भाजताना) जाळतो. आपल्याकडे असं काही होईल का?

जाणकारांच्या प्रतीक्षेत.

टवाळ_वाघळे
पेंढ्यातून साखर गाय रोज काढते. तिने कधी प्रोजेक्ट सबमिट केला नाही म्हणून तिला डिग्री नाही, एवढंच.

नेरूळचा_नाना
टवाळ, हसण्यावारी नेऊ नका. गाईचं पोट म्हणजे चार कप्प्यांचा चालता रिॲक्टर आहे. जंतू, बुरशी, रवंथ, सगळं दिमतीला. तरी नुसत्या पेंढ्यातला निम्म्याहून जास्त भाग तिलाही पचत नाही, शेणातून तसाच बाहेर पडतो. मुलीला सांगा, निराश होऊ नकोस, स्पर्धा कुणाशी आहे ते बघ.

रसायनू
मी माटुंग्याच्या आयसीटीत (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था) शिकलो (आमच्या आधीच्यांसाठी ती अजून यूडीसीटीच आहे), सध्या महापेला एका लॅबमध्ये आहे. या विषयाशी थोडा संबंध आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेंढ्यात ढोबळमानाने ३५ टक्के सेल्युलोज, २०-२५ टक्के हेमिसेल्युलोज, दहा-पंधरा टक्के लिग्निन (झाडाला कडकपणा देणारा चिवट पदार्थ) आणि जवळपास तेवढीच राख असते. राखेत बहुतेक सिलिका. मिक्सरचं पातं बोथट झालं असेल तर त्याचं कारण हे.

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच लांबलचक साखळ्या. तांदळातला स्टार्चही ग्लुकोजचाच, पण त्यात दोन ग्लुकोजमधला सांधा वेगळ्या कोनात असतो. त्यामुळे स्टार्चची साखळी वळते, सैल राहते, तोंडातली लाळसुद्धा ती तोडायला लागते. सेल्युलोजच्या साखळ्या सरळ, एकमेकींना घट्ट चिकटून स्फटिकासारख्या रचलेल्या. त्याभोवती हेमिसेल्युलोजचं जाळं आणि त्यात मुरलेलं लिग्निन. एन्झाइमचा रेणू चांगला मोठा असतो. पेंढ्याच्या भिंतीतली बरीचशी छिद्रं त्याच्यापेक्षा लहान असल्यामुळे तो आत शिरतच नाही. वर लिग्निन त्याला नुसतंच धरून ठेवतं, म्हणजे महागडं एन्झाइम तिथेच वाया. मिक्सरने तुकडे लहान होतात, ही रचना काही सुटत नाही. प्रक्रिया न केलेल्या पेंढ्यातून शक्य त्या साखरेचा पाचवा हिस्साही सहसा मिळत नाही. पूर्वप्रक्रिया नीट साधली तर ८०-९० टक्क्यांपर्यंत जाता येतं.

आता पद्धती. सौम्य सल्फ्युरिक आम्ल, एक टक्क्याच्या आसपास, १४० ते १९० अंशांवर: हेमिसेल्युलोज विरघळतं, लिग्निन बरंचसं मागे राहतं. कॉस्टिक सोडा: उलट, लिग्निन विरघळतं, सेल्युलोज मागे राहतं. वाफेचा स्फोट: दाबाखालच्या वाफेत १८०-२०० अंशांवर काही मिनिटं ठेवायचं आणि दाब एकदम सोडायचा. आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तंतू फाडतं, ज्वारीच्या लाह्या फुटतात तसं. अमोनियाची पद्धत जवळपास याच धर्तीची, फक्त वाफेऐवजी द्रव अमोनिया आणि तापमान बरंच कमी.

कॉलेजसाठी कॉस्टिकच. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचं भांडं) असेलच.

टवाळ_वाघळे
लाह्यांचा विषय निघालाच आहे तर मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

प्रभा_ऐरोली
रसायनू, प्रतिसाद आवडला, वाचनखूण साठवली. पण आम्लात हेमिसेल्युलोज विरघळलं तर ती साखर गेली ना वाया? तीही साखरच आहे की.

रसायनू
प्रभाताई, नेमका प्रश्न. वाया जात नाही, पाण्यात उतरते. पण ती मुख्यतः झायलोज, पाच कार्बनांची. दारू गाळणारं नेहमीचं यीस्ट झायलोजला तोंड लावत नाही, त्यासाठी जनुकं बदललेलं यीस्ट लागतं. शिवाय आम्लात जरा जास्त वेळ शिजलं की झायलोजचं फरफ्युरल होतं, आणि फरफ्युरल यीस्टला मारक. म्हणजे कमी शिजवलं तर भिंत सुटत नाही, जास्त शिजवलं तर साखर जळून विष तयार होतं. या विषयातली निम्मी संशोधनं या मधल्या चिंचोळ्या पट्टीसाठी आहेत असं म्हटलं तरी चालेल.

शहापूरचा_बाळू
तुमचं अमोनियाचं वाचून गंमत वाटली. आमच्याकडे पशुसंवर्धनवाले हेच सांगायचे. १०० किलो पेंढा, ४ किलो युरिया, पाण्यात विरघळवून थरावर थर शिंपायचा, दाबायचा, प्लॅस्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवायचा. उघडलं की डोळ्यातून पाणी येतं एवढा वास. थोडा वेळ उघडा ठेवून मग जनावरांना. पेंढा मऊ होतो, पिवळसर-तपकिरी दिसतो, आणि म्हशी आधी नाक मुरडतात पण सवय झाली की वैरण मागे ठेवत नाहीत. लहान वासरांना द्यायचा नाही, हे मात्र पक्कं. हे पण तेच का?

रसायनू
बाळूभाऊ, तत्त्व तेच! युरियाचा ओलाव्यात अमोनिया होतो आणि तो हेमिसेल्युलोज-लिग्निनमधले काही सांधे सोडवतो. कारखान्यात दाब आणि उष्णता देऊन काही मिनिटांत होतं, तुमच्या खड्ड्यात सावकाश होतं. मुरबाडकर, हे मुलीला जरूर सांगा. एक भाग कॉस्टिकचा, एक भाग युरियाचा आणि एक नुसता पेंढा, तिन्हींना सारखं एन्झाइम. तुलना झाली की प्रोजेक्टला जीव येईल.

मुरबाडकर_ठाण्यात
वा! हे तिला लगेच पाठवलं. बाळूभाऊ, मुरबाड-शहापूर शेजारीच, आमच्याकडेही युरियाचा पेंढा कुणीतरी करत होतं असं आई सांगते. कॉस्टिक किती घ्यायचं, किती वेळ, तेही लिहाल का रसायनू?

रसायनू
दीड-दोन टक्के कॉस्टिकचं द्रावण, पेंढ्याच्या दहापट. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर अर्धा ते एक तास. गाळायचं, मग धुवायचं, धुवायचं आणि परत धुवायचं, पाणी उदासीन येईपर्यंत. इथे घाई केली की सगळं फसतं, कारण एन्झाइमला सामू ४.८ ते ५ लागतो आणि तंतूत राहिलेलं कॉस्टिक तो वर नेतं. सायट्रेट बफर, ५० अंश, हलतं ठेवायचं, ४८ ते ७२ तास. साखर डीएनएस पद्धतीने (साखर जितकी जास्त तितका रंग गडद) मोजणार असेल तर एन्झाइमशिवायचा नमुना सोबत ठेवायला सांगा. द्रावणात उरलेल्या लिग्निनचा तपकिरी रंग साखरेच्या रंगात मिसळून आकडा फुगवतो. आणि कॉस्टिक हाताळताना हातमोजे, चष्मा. काचेच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये.

नेरूळचा_नाना
लॅबचं झालं, आता कारखान्याचं बोलू. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावर रिॲक्टर सांभाळत आयुष्य काढलं, त्यामुळे ८०-९० टक्के हा आकडा ऐकला की मला पुढचा प्रश्न पडतो: पेंढा आत ढकलणार कोण?

लॅबमध्ये मूठभर, चाळलेला, स्वच्छ पेंढा असतो. शेतातून येतो त्यात माती, खडे, सुतळी, प्लॅस्टिक, कधी विळाही. तो दाबाच्या भांड्यात सतत भरायचा, बाहेर वाफ निसटू न देता. स्क्रू फीडर तुंबतो. सिलिकाने स्क्रू घासून जातो. वर १६०-१७० अंशांवरचं आम्ल, म्हणजे साधं स्टील चालत नाही, महाग मिश्रधातू आले. परदेशातले मोठमोठे प्रकल्प बघा. अबेंगोआचा कॅन्ससमधला २०१४ ला सुरू झाला, दोन वर्षांत कंपनी दिवाळखोरीत. ड्यूपाँचा आयोवातला २०१५ चा, २०१७ ला बंद. क्लॅरिअंटने रोमानियात २०२१ ला उभारला, २०२३ ला टाळं. या लोकांना रसायनशास्त्र येत नव्हतं असं नाही.

रसायनू
नाना, मान्य, पण चित्र एवढंही काळं नाही. ब्राझीलमध्ये राइझेन ही कंपनी उसाच्या चिपाडावर कारखाना चालवते आहे. चिपाड गिरणीतच असतं, धुतलेलं, पिळलेलं, गोळा करायला जावं लागत नाही. आपल्याकडे आयसीटीतल्या डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) केंद्राच्या तंत्रावर काशीपूरला दिवसाला १० टन कच्च्या मालाचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ ला उभा राहिला. पानिपतच्या आधी ही पायरी झाली होती.

पनवेल_पॅसेंजर
चिपाडावरून आठवलं, मग आपल्या साखर कारखान्यांनी का नाही करायचं?

नेरूळचा_नाना
कारण आपले कारखाने चिपाड बॉयलरमध्ये जाळून वीज करतात आणि ती विकतात. चिपाड हा त्यांच्यासाठी कचरा नाही, इंधन आहे. पाचट शेतात राहतं, ते खरं उरलेलं. पण ते गोळा करायला पुन्हा मजूर आणि यंत्र. विदर्भातल्या पऱ्हाटीचं (कपाशीच्या काड्या) तेच. पऱ्हाटी तर लाकडासारखी, लिग्निन पेंढ्याहून बरंच जास्त, पूर्वप्रक्रिया आणखी कडक लागणार.

गणित_मास्तर
पानिपतचे आकडे जाहीर आहेत. १० ऑगस्ट २०२२ ला लोकार्पण, खर्च ९०० कोटींच्या वर, वर्षाला २ लाख टन पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल. भागून बघा: टनाला १५० लिटर.

आता वरच्या प्रतिसादातले टक्के घ्या. टनात ३५० किलो सेल्युलोज. तुटताना पाणी जोडलं जातं म्हणून ग्लुकोज साधारण ३९० किलो. आंबवताना त्यातलं जेमतेम निम्मं अल्कोहोल होतं, बाकी कार्बन डायऑक्साइड. म्हणजे २०० किलो, लिटरमध्ये सुमारे २५०. हेमिसेल्युलोजचे आणखी दीडशे धरले तर कागदावरची कमाल ४०० लिटर. पानिपतच्या जाहीर क्षमतेनुसार १५०, म्हणजे ३८ टक्के. उरलेलं कुठे जातं ते नानांनी सांगितलंच.

रसायनू
मास्तर, हिशेब बरोबर, फक्त तुमचे ४०० लिटर पूर्ण कोरड्या टनाचे आहेत. शेतातून येणाऱ्या टनात ओलावा आणि माती असते. तो फरक धरला तर टक्का थोडा वर जाईल. तरी पन्नाशीच्या खालीच.

स्कूटरवाली_कोपरखैरणे
हे सगळं ठीक, पण ते इथेनॉल माझ्या टाकीत का? ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून स्कूटरचं ॲव्हरेज पडलंय.

गणित_मास्तर
लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा. २० टक्के मिसळलं की साधारण ६-७ टक्के ऊर्जा कमी. त्याहून जास्त पडलं असेल तर टायरची हवा आणि वाशी पुलावरची रांग तपासा.

स्कूटरवाली_कोपरखैरणे
टायरची हवा!!! मास्तर, तुम्ही पेट्रोल पंपवाले आहात का?

टवाळ_वाघळे
धागा ई२० वर गेला. आता दोनशे प्रतिसाद नक्की.

प्रभा_ऐरोली
ई२० साठी वेगळा धागा काढा, प्लीज. आणि ते इथेनॉल पेंढ्याचं नाहीये हो, सध्या बहुतेक मका, तांदूळ आणि उसाचं आहे. पेंढ्याचा वाटा अगदी किरकोळ. उद्या तो वाढला तर निदान पोटातल्या धान्यावरून भांडण उरणार नाही, म्हणून मला या विषयात रस.

माझा एक वेगळाच प्रश्न. मी गच्चीतल्या कुंड्यांत ट्रायकोडर्मा पावडर घालते. सेल्युलेजसुद्धा ट्रायकोडर्मापासूनच करतात असं वाचलं. तेच का हे?

रसायनू
भाऊबंद म्हणा. तुमच्या पावडरीत विरिडी किंवा हार्झियानम असेल, ती मुळांवरच्या रोगट बुरश्यांना आवरते. एन्झाइमवाली रीसेई. तिची कथा मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे भराभर कुजायला लागले. कारण शोधताना ही बुरशी सापडली. आधी तिला थांबवायचं कसं याचा अभ्यास, मग एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिलाच कामाला लावलं. आज जगभर विकल्या जाणाऱ्या सेल्युलेजचा मोठा भाग त्या तंबूवरच्या बुरशीच्या वंशजांकडून येतो.

टवाळ_वाघळे
मग जुलैत माझ्या लेदरच्या बुटांवर जे येतं त्याचं पेटंट घेऊ का?

नेरूळचा_नाना
लेदर म्हणजे प्रथिन, टवाळ. त्याचं इथेनॉल होणार नाही. बूट फेका.

अळंबीताई_टिटवाळा
उशिरा आले धाग्यावर. बुरशीने पूर्वप्रक्रिया हा प्रकार मी रोजच करते, फक्त साखरेसाठी नाही, पोटासाठी. धिंगरी (ऑयस्टर) अळंबी भाताच्या पेंढ्यावर वाढवते. पेंढा कापून भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, निथळला की पिशवीत बी घालून थर लावायचे. धिंगरी ही लिग्निन खाणारी बुरशी आहे. काढणी संपल्यावर जो पेंढा उरतो तो हाताने कुस्करला जातो, मूळच्या पेंढ्याची चिवट ताकदच जाते. माझा उरलेला पेंढा शेजारचे गांडूळखताला नेतात.

मुरबाडकर, तुमच्या चुलतभावाला इथेनॉलपेक्षा यात लवकर पैसा दिसेल. ना ऑटोक्लेव्ह, ना आम्ल. स्वच्छता मात्र हवी आणि उन्हाळ्यात ऊन सांभाळावं लागतं.

रसायनू
अगदी. संशोधनातही धिंगरीच्या जातीच्या बुरश्या वापरून बघितल्यात. अडचण दोन: आठवडे लागतात, आणि बुरशी लिग्निनसोबत आपल्या वाटणीची साखरही फस्त करते. अळंबी विकायची असेल तर ती अडचण राहत नाही, उलट तेच हवं.

हापूसप्रेमी_वाशी
एपीएमसीच्या फळ बाजारात आंब्याच्या हंगामात पेंढ्याचे ढीग पडतात. पेट्यांतला पेंढा, कुजलेली फळं, सगळं एकत्र. त्याचं नाही का काही करता येणार? तो तर आयता एका जागी जमा होतो.

नेरूळचा_नाना
एका जागी जमतो, हा मोठा फायदा. पण दोन-तीन महिन्यांचा हंगाम आणि फळांचा चिखल. असला ओला मिश्र माल साखर काढण्यापेक्षा बायोगॅसला बरा. गॅस करणारे जंतू जास्त सहनशील असतात, फळांची साखरही खातात आणि पेंढाही थोडाफार. पेंढा तुकडे करून, एखाद दिवस सौम्य अल्कलीत भिजवून घातला तर गॅस वाढतो. पूर्वप्रक्रिया तिथेही आहेच, फक्त जरा घरगुती.

शहापूरचा_बाळू
चुलतभावाच्या प्रश्नावर कुणी बोललंच नाही नीट, म्हणून मी बोलतो. आपल्या ठाणे जिल्ह्यात पेंढा पंजाबसारखा पडून नसतो. तिकडे मशीनने कापतात, गव्हाची पेरणी तोंडावर असते, आठ-पंधरा दिवसांत रान मोकळं करायचं असतं, म्हणून जाळतात. आपल्याकडे झोडणी झाली की पेंढा उडवीत रचायचा. घरच्या जनावरांना ठेवून उरलेला भिवंडी-कल्याणच्या तबेलेवाल्यांना. राबातही मुख्य जातो तो पाला, फांद्या, गोवऱ्या. चांगला पेंढा कुणी राबात घालत नाही.

पण आता बदल होतोय. भाड्याने हार्वेस्टर यायला लागलेत. त्यातून पेंढा तुटका पडतो, रानभर पसरतो, तबेलेवाला तो हातात घेत नाही. जनावरंही घरोघरी कमी झाली. हा पेंढा खरा उरतो. पण खाचरं लहान, बांध मध्ये, तिथे गाठोडी बांधणारं यंत्र फिरणार कसं? पानिपतला लागतो त्याचा हिशेब मास्तरांनी केलाय, रोजचे साडेपाचशे टन. आपला तालुका कितीसा देणार?

गणित_मास्तर
आणि सैल पेंढ्याचा ट्रक म्हणजे बरीचशी हवाच. तो नाणेघाटाच्या पायथ्यापासून कुठल्या कारखान्यापर्यंत न्यायचा त्याचं डिझेल इथेनॉलच्या खात्यातून वजा करा.

मुरबाडकर_ठाण्यात
बाळूभाऊ, हार्वेस्टरचा मुद्दा बरोबर. चुलत्यांनी यंदा तोच लावला होता. भावाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो म्हणाला, कारखाना राहू दे, टिटवाळ्याच्या ताईंचा नंबर घे. अळंबीताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मुलीचं अपडेट: कॉस्टिकच्या नमुन्यात डीएनएसचा रंग एकदम गडद आलाय, न केलेल्याच्या कितीतरी पट. एन्झाइमशिवायचा नमुना सोबत ठेवला होता, तो फिका. म्हणजे साखर खरीच आहे. युरियाचा नमुना बाल्कनीत हवाबंद पडून आहे, सोसायटीत वासाची तक्रार अजून तरी नाही.

आता नवीन भानगड. गाळल्यावर कॉस्टिकचं काळं पाणी निघालं, ते लॅबवाले सिंकमध्ये ओतू देत नाहीत. काय करायचं त्याचं?

नेरूळचा_नाना
लॅबवाले शहाणे आहेत. कारखान्यातही सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच. कागद गिरण्या हे काळं पाणी आटवून जाळतात आणि सोडा परत मिळवतात, पण पेंढ्याच्या पाण्यात सिलिका असल्यामुळे आटवणीच्या नळ्यांवर थर बसतो. खाडीत सोडायचा विचार मनातही आणू नका म्हणावं, ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांशी गाठ आहे.

रसायनू
फेकायचं नाही, तोच प्रोजेक्टचा पुढचा भाग. फ्यूम हूडखाली, ढवळत, थेंबाथेंबाने सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालायचं. सामू उतरताना आधी सिलिका खाली बसते, तिचा साका वेगळा गाळून घ्यायचा. मग आणखी खाली, दोन-तीनपर्यंत नेलं की लिग्निन तपकिरी चोथ्यासारखं वेगळं होतं. गाळून, धुऊन, वाळवून वजन करायला सांगा, मूळ पेंढ्यातल्या किती टक्के लिग्निन सुटलं ते कळेल. उरलेलं पाणी उदासीन करून लॅबच्या टाकाऊ द्रव्यांच्या कॅनमध्ये. फेस फार येतो, म्हणून बीकर मोठा घ्या.